गोळ्यांमुळे ठोके बिघडू नयेत म्हणून यादी कशी तपासावी

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या निपाणी-संकेश्वरकडच्या कितीतरी घरांत बीपीच्या गोळ्या बेळगावच्या डॉक्टरांच्या असतात, गुडघ्याच्या मिरजेच्या आणि ताप-जुलाबाच्या गावातल्याच दवाखान्यातल्या. एकाने काय दिलंय ते दुसऱ्याला माहीत नसतं. हृदयाच्या ठोक्यांची लय बऱ्याचदा एकट्या गोळीने नव्हे, तर अशा वेगवेगळ्या गोळ्यांच्या जोडीने बिघडते.

१. घरातली सगळी पाकिटं काढून यादी करा. पाकिटावर एक नाव कंपनीने दिलेलं असतं. औषधाचं खरं नाव वेगळं असतं, ते लिहायचं. यादी इंग्रजी अक्षरांतच ठेवा, म्हणजे चिकोडीच्या आणि कोल्हापूरच्या, दोन्हीकडच्या डॉक्टरांना वाचता येईल. अक्षर लागत नसेल तर मेडिकलवाल्याकडून लिहून घ्या. दुकानातून आपणहून घेतलेल्या गोळ्याही यादीत हव्यात.

२. त्यात ही नावं शोधा: ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, ऑन्डॅन्सेट्रॉन, डोम्पेरिडोन, एसिटालोप्रॅम, हॅलोपेरिडॉल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. औषधं कामाचीच आहेत. पण प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जो वेळ लागतो, तो यांनी लांबू शकतो. ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला हा आकडा 500 मिलिसेकंदांपुढे गेला, तर ठोके अचानक भरकटण्याचा धोका बराच वाढतो. यातली दोन नावं एकत्र दिसली की डॉक्टरांना विचारायलाच हवं.

डोम्पेरिडोनबद्दल जरा जास्त सांगतो, कारण ते ‘पित्ताची कॅप्सूल’ म्हणून घरोघरी पोचलंय. पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधाबरोबरच्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा 30 मिलिग्रॅम असतं. युरोपच्या औषध नियामकांनी 2014 मध्ये मोठ्यांसाठी दिवसाची मर्यादा 30 मिलिग्रॅमच ठरवली, आणि तीही साधारण एका आठवड्यापुरती. आपल्याकडे तीच कॅप्सूल लोक महिनोन्‌महिने उपाशीपोटी घेतात, जुनी चिठ्ठी दाखवून. शिवाय पँटोप्राझोल फार काळ घेतलं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, त्यानेही लय बिघडते.

३. मग माणसाकडे पाहा. वय 65 च्या पुढे, बाई माणूस, कमजोर हृदय, किडनीचा त्रास, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर धोका जास्त. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं, आणि त्यानेही लय बिघडते. त्यातलं हायड्रोक्लोरोथायझाइड तर बऱ्याचदा बीपीच्या गोळीतच मिसळलेलं असतं, लक्षातही येत नाही. त्यात पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या की पोटॅशियम आणखी घसरतं, आणि नेमकं तेव्हाच ऑन्डॅन्सेट्रॉन आणि अँटिबायोटिक सुरू होतं.

४. यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ विचारा: “यातलं कुठलं बंद करता येईल? ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघायचं का?” यात संकोच कसला? मात्र आपल्या मनाने काही सोडू नका. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर छातीत दुखणं, हृदयविकाराचा झटका येणंही संभवतं. त्यांच्या जोडीला डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल असेल तर नाडी फार मंद होऊ शकते; तेही दाखवा.

५. नवी गोळी सुरू झाल्यावर धडधड किंवा घेरी आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुद्ध हरपली तर 108. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही चालतो. बेशुद्ध माणसाला दोघांच्या मधे मोटारसायकलवर बसवून नेऊ नका. हाक मारूनही प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबला असेल, तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा.