जिन्यातील आपत्कालीन दिव्यांची तपासणी
नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा गच्चीलगतच्या जिन्यातील आपत्कालीन दिव्यांच्या बॅटऱ्या तापून लवकर निकामी होतात. म्हणून तपासणी वरच्या मजल्यापासून सुरू करावी. दरमहा केवळ चाचणीचे बटण न दाबता त्या दिव्याच्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा छोटा स्विच) पाडून दिवा आपोआप लागतो का, ते पाहावे. वर्षातून एकदा मात्र तो सलग 90 मिनिटे चालवावा, कारण राष्ट्रीय इमारत संहितेला किमान तेवढा वेळ अपेक्षित आहे आणि थकलेली बॅटरी पहिली पाच मिनिटे सहज फसवते. आमच्या इमारतीत चार्जिंगचा हिरवा ठिपका लुकलुकत असतानाही आतली बॅटरी फुगलेली निघाली होती. ही दीर्घ चाचणी सकाळी, उजेडात घ्यावी, कारण बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज होण्यास 24 तासही लागू शकतात आणि अंधार पडेपर्यंत ती शक्य तितकी भरलेली हवी.