प्रोग्रेसिव्ह प्रेस घेताना आधी स्टेशनं मोजा

अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे नेमबाज प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या एकाच ओढीत अनेक काडतुसांवर वेगवेगळी कामं करणारं यंत्र) घेताना आधी वेग विचारतात. आधी स्टेशनं, म्हणजे प्रेसवर एकेक काम होण्याच्या जागा, मोजा: डिलन कंपनीच्या ५५० ला ४, ७५० ला ५. ५५० ची शेलप्लेट (केस, म्हणजे काडतुसाची पुंगळी, एका स्टेशनवरून पुढच्यावर नेणारी चकती) हाताने फिरवावी लागते. लक्ष उडालं, प्लेट तशीच राहिली आणि दांडा पुन्हा ओढला, की त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा दारू पडते. .३८ स्पेशलच्या उंच केसमध्ये दुप्पट दारूही मावते, वर गोळी नीट बसते, बाहेरून काहीच कळत नाही. झाडताना रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. ७५० ची प्लेट आपोआप फिरते, पाचव्या स्टेशनमुळे पावडर-चेक डायलाही (केसमधली दारू तपासणाऱ्या भागालाही) जागा मिळते. महिन्याला शंभरेकच काडतुसं लागत असतील तर सिंगल-स्टेज (एका वेळी एकच काम करणारा) प्रेसच बरा. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना काडतुसं बनवणं गुन्हा आहे.) प्रेसवर दिवा असा लावा, की गोळी ठेवण्याआधी केसच्या तळातली दारू दिसेल.