माळ्यावरची ट्रंक आणि मनातली वही

१६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी घरच्या सावकारीची खतपत्रे दोघा भावांत वाटली, कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला, असे परंपरा सांगते. या कथेतले वैराग्य सगळ्यांना आठवते. वाटणीचा भाग मात्र सहसा नजरेतून सुटतो. घर आवरायला बसणाऱ्याने आरंभ तेथूनच करावा, म्हणजे सोडायचे ते आपल्या वाट्याचे, भावंडांचे त्यांना विचारल्याशिवाय नाही.

सगळा माळा एकदम उतरवू नये, एकच ट्रंक घ्यावी. ज्यांना काही इतिहास नाही अशा वस्तू, म्हणजे जादा डबे, आहेरातले न उघडलेले लेमन सेट, आधी बाहेर काढाव्यात आणि आईच्या साड्या अगदी शेवटी हाताळाव्यात, कारण एकेका घडीत एकेक प्रसंग असतो आणि थकलेले मन मग एक तर सगळेच ठेवते किंवा त्राग्याने सगळेच देऊन टाकते. वस्तू कोणाला द्यायची हे आधी ठरले, तर हात लवकर सुटतो. संक्रांतीचे वाण आपण ‘लुटतो’ ते समोर घेणारी असते म्हणूनच. मऊ सुती साड्यांची गोधडी शिवून घ्यावी, काही बोहारणीला द्याव्यात. पितळेची पातेली वापरणार असाल तर कल्हई करून घ्यावी, नाही तर मोडीत घालावीत. दस्तऐवजांना मात्र घाईने हात लावू नये.

ट्रंकेच्या तळाशी बहुधा अशी एखादी पैठणी निघते, जिच्यावरून नणंद-भावजयींत अबोला झाला होता आणि जी त्यानंतर ना कोणी नेसली, ना कोणाला दिली. ती जपली जाते ती पुरावा म्हणून. अशा वेळी कागद घेऊन काय घडले, आपली अपेक्षा काय होती आणि ती आज पुरी होण्याजोगी आहे का, हे लिहावे. होण्याजोगी असेल तर स्पष्ट शब्दांत मागावे. हातउसन्या पैशांच्या दाव्याला कायद्यात साधारण तीन वर्षांची मुदत असते, मनातल्या वहीला ती नसते. अपेक्षा पुरी होण्याजोगी नसेल, तर सावकार लिहितो तसे ‘बुडीत’ लिहावे. बुडीत लिहिणारा रक्कम विसरत नाही, फक्त व्याज लावणे थांबवतो, आणि तोच प्रसंग पुन्हापुन्हा घोळवणे हे ते व्याज होय. जो त्रास अजून चालू आहे, तो मात्र बुडीत खात्यात टाकू नये. त्याच्यासाठी मदतच घ्यावी.

एखाद्या लग्नघरी राग पुन्हा उसळेल. तेव्हा सगळी हकीकत नव्याने न मांडता त्याच कागदावर फक्त तारीख टाकावी. दोन तारखांमधले अंतर वाढते आहे का, एवढेच पाहावे.

पैठणीचे म्हणाल, तर नणंदेच्या मुलीला विचारून पाहावे. ती नको म्हणाली, तर पैठणीच्या पदराचे ब्लाउज छान होतात.