शेड्यूलिंग सॉफ्टवेअरमध्ये तारखा टाकू नका, कामांचा क्रम टाका

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत शेड बांधून देणाऱ्या ठेकेदाराच्या लॅपटॉपवर हल्ली एमएस प्रोजेक्ट या मायक्रोसॉफ्टच्या वेळापत्रक बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल सापडते. रंगीत पट्ट्या असतात, पण प्रत्येक पट्टीची तारीख हाताने टाकलेली. पाया आठवडाभर लांबला की पुढच्या सगळ्या तारखा पुन्हा हाताने बदलायच्या. असं दोन-तीनदा झालं की फाइल उघडायचंच बंद होतं. वाईट वाटतं, कारण या सॉफ्टवेअरचं खरं काम तारखा काढून देणं हेच आहे. आपण फक्त काम कोणतं, किती दिवसांचं आणि कशानंतर, एवढं सांगायचं.

सुरुवात कागदावर करा. मिस्त्री, सेंट्रिंगवाला आणि फॅब्रिकेटर यांना एकत्र बसवा आणि कामं लिहून काढा. ‘पाया’ असं एकच काम लिहू नका. खुदाई, पीसीसी (तळाचं साधं, सळईविना काँक्रीट), फूटिंग, कॉलम, प्लिंथ बीम, भराव असं तोडा. एखादं काम दोन आठवड्यांपेक्षा मोठं दिसलं तर अजून तोडा. ट्रसच्या स्टीलची ऑर्डर, वीजजोडणीचा अर्ज ही वाट पाहण्याची कामंही यादीत हवीत. उशीर बहुतेकदा तिथेच लपलेला असतो.

मग कॅलेंडर. एमएस प्रोजेक्ट मुळात शनिवार-रविवार सुट्टी धरतो. आपल्याकडे साइट शनिवारी चालते, काहींची सुट्टी सोमवारी असते. ‘चेंज वर्किंग टाइम’मध्ये जाऊन हे आधी बदला, गणपती आणि दिवाळीला गावी जाणाऱ्या कामगारांचे दिवसही टाका. खुदाईसारख्या उघड्यावरच्या कामांना पावसाळ्याचं वेगळं कॅलेंडर बनवून लावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये कामाचे दिवस कमी धरा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. तेव्हा सिमेंट-स्टीलचे ट्रक येणार कुठून? त्या दोन महिन्यांत लागणारा माल जूनच्या आधी आणायचं काम वेळापत्रकातच टाका.

आता सॉफ्टवेअरमध्ये कामं भरा. २०१० च्या आवृत्तीपासून नवं काम ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून येतं. खालच्या पट्टीत ते ‘ऑटो शेड्यूल्ड’ करा. कालावधी भरा, सुरुवातीच्या रकान्याला हात लावू नका. तिथे तारीख टाकली की ‘या तारखेआधी सुरू नको’ अशी अट त्या कामाला गुपचूप चिकटते. डावीकडच्या रकान्यात छोटं कॅलेंडरचं चिन्ह दिसलं तर समजा अट बसली आहे. खरंच गरज नसेल तर काढून टाका.

पुढे कामं जोडा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. बहुतेक जोडण्या साध्या असतात: एक संपलं की दुसरं. पण स्लॅबचं उदाहरण नीट बघा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (स्पॅनच्या) स्लॅबचे टेकू निदान १४ दिवस ठेवायचे असतात. काँक्रीट सुट्टी घेत नाही. हा अवधी १४ कामाचे दिवस म्हणून टाकला, तर आठवड्याला एक सुट्टी धरून तो १६ दिवसांचा होतो. म्हणून ओतकाम ते टेकू काढणं या जोडणीत ‘१४ ईडी’ (14ed), म्हणजे सुट्ट्या धरून सलग १४ दिवस, असा खंड (लॅग) द्या. नाहीतर मोठ्या इमारतीत प्रत्येक स्लॅबमागे दोन दिवस असेच वाया जातात.

पहिलं आणि शेवटचं सोडून प्रत्येक कामाच्या आधी एक आणि नंतर एक काम हवंच. मथळ्याच्या ओळी (समरी टास्क, म्हणजे ‘पाया’सारखी कामांच्या गटाची नावं) मात्र कधीच जोडू नका. आतली कामं जोडा.

जोडण्या झाल्या की ‘क्रिटिकल टास्क्स’ दाखवायला सांगा. १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीत कारखान्यांच्या बांधकामासाठी ही ‘क्रिटिकल पाथ’ची रीत तयार झाली. लाल पट्टीवरचं काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकी कामांना ‘टोटल स्लॅक’ असतो, म्हणजे प्रकल्प न लांबवता ती तितके दिवस मागे पडू शकतात. कंपाउंडच्या गिलाव्याला बारा दिवसांचा स्लॅक असताना स्लॅबवरचे गवंडी तिकडे पाठवायचे नाहीत, हा निर्णय इथून घेता येतो.

काम सुरू होण्याआधी बेसलाइन ठोका, म्हणजे मूळ वेळापत्रकाची प्रत तुलनेसाठी फाइलमध्ये जपून ठेवा. उशीर झाला की तिच्यावर नवी बेसलाइन चढवायचा मोह टाळा, नाहीतर मालकाला आणि स्वतःला नेमकं किती मागे पडलो ते कधीच कळणार नाही.

दर आठवड्याला एक ठरलेला वार धरा आणि स्टेटस डेट, म्हणजे ज्या दिवसापर्यंतची प्रगती भरता ती तारीख, बदला. मुकादमाला ‘किती टक्के झालं?’ असं विचारलं की नव्वद टक्के हेच उत्तर तीन आठवडे मिळतं. ‘अजून किती दिवस लागतील?’ असं विचारा आणि तो आकडा ‘रिमेनिंग ड्युरेशन’मध्ये भरा. मग ‘अपडेट प्रोजेक्ट’मधून उरलेलं काम स्टेटस डेटच्या पुढे ढकला. मागच्या तारखेला अर्धवट काम सोडलं तर पुढचं सगळं खोटं ठरतं.

शेवटी पुढच्या पंधरा दिवसांच्या कामांची फिल्टर लावलेली यादी मराठीत छापून साइटवर लावा. कामांची नावं देवनागरीत चालतात. लायसन्सचा खर्च नको असेल तर प्रोजेक्टलिब्रे मोफत आहे, आणि एमएस प्रोजेक्टच्या फाइलीही उघडतो.