जुन्या झोपाळ्याचं, पेटाऱ्याचं लाकूड कसं ओळखावं

कोकणातल्या जुन्या सामानात साग, फणस, शिसव, ऐन आणि बिबळा ही लाकडं वारंवार भेटतात. ओळखताना रंगावर जाऊ नका. शंभर वर्षांच्या धुराने, तेलाने आणि पॉलिशने फणसही सागासारखा दिसतो. खरं काय ते कळतं आडव्या छेदात, म्हणजे फळीच्या टोकाला.

जागा अशी निवडा की डाग दिसणार नाही: खणाचा तळ, पायाची खालची बाजू, बिजागरीखालची खाच. कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. लाखेचं पॉलिश मधासारखं पिवळट उतरतं; कापूस गडद लाल किंवा काळा झाला तर वर रंग चढवलेला आहे, आणि शिसवीच्या नावाखाली दुसरंच लाकूड असायची शक्यता मोठी. मग धारदार पटाशीने टोकाचा नखाएवढा भाग एका झटक्यात साफ कापा. पॉलिश पेपर घासू नका, भुशाने छिद्रं बुजतात आणि काही दिसत नाही. छेद किंचित ओला करून दहापट भिंगातून बघा.

मोठी छिद्रं वर्षागणिक ओळीने, वलयात बसलेली दिसली तर साग. हाताला तेलकट लागतो आणि खरवडला की चामड्यासारखा वास येतो. फणसात मोठी छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात, वलय उठून दिसत नाही; ताजा काप पिवळाधमक निघतो आणि उजेडात हळूहळू तपकिरी होतो. म्हणून काप घेतल्या घेतल्या बघायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो शिसव आणि ऐन यांत. दोन्ही जड, दोन्हीत काळपट रेघा. शिसवीला जांभळट झाक असते, खरवडल्यावर गोडसर वास येतो आणि फळीच्या सपाट अंगावर भिंगातून अगदी बारीक आडव्या लहरी दिसतात. ऐनाला खास वास नाही, लहरीही नाहीत. बिबळ्याची खूण तर हमखास: चिमूटभर भुसा पाण्यात भिजवून काचेच्या पेल्यात उन्हात धरा, पिवळट पाण्याच्या कडेला निळी झळाळी दिसते.

वजनाचाही आधार घ्या. 5 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड इंच जाड झोपाळ्याची फळी सागाची असेल तर साधारण 23 किलो, शिसवीची किंवा ऐनाची 30 च्या आसपास. साग आणि फणस मात्र वजनावरून वेगळे करता येत नाहीत. हे माप चैत्र-वैशाखात घ्यावं. पावसाळ्यात लाकूड दमट हवेतलं पाणी ओढतं आणि आकडा फसवतो.

एका वस्तूत एकच लाकूड असतं असंही धरू नका. फडताळाचं दर्शनी दार सागाचं आणि आतल्या फळ्या फणसाच्या किंवा आंब्याच्या, हे नेहमीचंच. झोपाळ्याची फळी तर दुरुस्तीत बदललेली असते. म्हणून प्रत्येक भागाचा छेद वेगळा तपासा, आणि शिसव खरवडताना नाकातोंडाला फडकं बांधा; तिचा भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो.