इंजिन स्टँडला टांगताना कोणते बोल्ट लावावेत

इंजिन स्टँडवर इंजिनाचा सगळा भार गिअरबॉक्स बसतो त्या बाजूच्या चार बोल्टवर येतो. स्टँडसोबत आलेले बोल्ट तुमच्या ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, बसतीलच असं नाही, बहुतेक वेळा बसतही नाहीत.

आधी क्लच आणि फ्लायव्हील काढा. ते जागेवर राहिले तर स्टँडच्या बाह्यांना, म्हणजे ब्लॉकला जोडायच्या हातांना, आड येतात.

मग आटे ओळखा. गिअरबॉक्सचा काढलेला बोल्ट हाच उत्तम नमुना. व्हर्नियरने जाडी आणि पिच गेजने पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजा. जपानी इंजिनांत साधारणपणे एम१० (१० मिमी जाडीचा) किंवा एम१२, पिच १.२५ मिमी, युरोपीय गाड्यांत बऱ्याचदा एम१० ला १.५ आणि एम१२ ला १.७५. जुन्या शेवरोले स्मॉल ब्लॉक व्ही८ ला ३/८ इंच जाडीचा, इंचाला १६ आट्यांचा बोल्ट लागतो. तो एम१० च्या भोकात सैल शिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. तिथेच आटे खराब होतात. नवा बोल्ट शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे. दोन-तीन फेऱ्यांत अडकला तर पिच चुकली आहे, पाना लावू नका.

लांबीचा हिशोब मात्र नीट करा, चुका इथेच होतात. बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात. बाहीच्या टोकाला बोल्ट जातो त्या नळीची लांबी, वायसरची जाडी आणि ब्लॉकमध्ये शिरणारे आटे यांची बेरीज करा. बीडाच्या ब्लॉकमध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट आटे धरले पाहिजेत, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट. नळी ५० मिमी, वायसर ३ मिमी आणि एम१० बोल्ट असेल तर बीडासाठी ६८ मिमी होतात, म्हणून ७० मिमीचा घ्या. ॲल्युमिनियमसाठी ७३ होतात, म्हणजे ७५ मिमीचा. भोकाची खोली व्हर्नियरच्या मागच्या दांडीने तपासा. आरपार नसलेल्या बंद भोकात बोल्ट तळाला टेकला की पाना घट्ट लागतो, पण बाही सैलच राहते. आणखी जोर लावला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

दुकानात ‘हाय टेन्साइल’ म्हणून मागा आणि डोक्यावर ताकदीचा आकडा, ८.८ किंवा १०.९, कोरलेला आहे का ते स्वतः पाहा. इंच मापात ग्रेड ५ ला तीन रेषा असतात, ग्रेड ८ ला सहा. काहीच खूण नसेल तर तो बोल्ट घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. स्टेनलेसही नको, दिसायला छान, पण आटे एकमेकांत चिकटून जाम होतात.

डोक्याखाली जाड, कडक वायसर घाला. लांबी जास्त झाली म्हणून वायसरांची चळत लावू नका, योग्य लांबीचा बोल्ट आणा. नळी लागेल तेवढीच लांब ठेवा. इंजिन स्टँडपासून जितकं लांब, तितका बोल्ट वाकवणारा जोर जास्त.

बसवताना बाह्या शक्य तितक्या लांब पसरा. आधी चारही बोल्ट हाताने लावा, नंतर बाह्यांचे नट आणि शेवटी बोल्ट आळीपाळीने आवळा. किती आवळायचे ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या गिअरबॉक्स बोल्टच्या टॉर्कवरून (आवळण्याच्या जोरावरून) ठरवा. तोवर इंजिन चेन ब्लॉकवर, म्हणजे साखळीच्या कप्पीवरच, राहू द्या. भार हळूहळू स्टँडवर सोडा, बाही आणि ब्लॉकमध्ये फट पडत नाही ना ते पाहा, आणि मगच साखळी काढा.