चोळण्याआधी पोटरी बघा: दुखण्यातून उठताना या चुका टाळा

घरात कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचं प्लास्टर निघालं किंवा कुणी लांबलेल्या तापातून उठलं, की दोन सल्ले हमखास येतात. एक म्हणजे "अजिबात हलू नको". दुसरा म्हणजे "तेल लावून चांगलं रगडून काढा, रक्त मोकळं होईल". मी २२ वर्षं घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. या दोन वाक्यांनी झालेलं नुकसान निस्तरण्यात माझा बराच वेळ जातो. मालिश मीही करते, रोज करते. पण हात लावण्याआधी अंग बघायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

सुजलेल्या पोटरीला तेल

या चुकीबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण ती जिवावर बेतू शकते.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका घरी मला बोलावलं. काका ६२ वर्षांचे. घोट्याजवळचं हाड मोडलं होतं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. मी पोहोचले तेव्हा दारातच लसूण-ओवा घालून कढवलेल्या तेलाचा वास आला. आत चटईवर काका उताणे पडलेले आणि मालिशवाला दोन्ही अंगठे पोटरीत रुतवून खालून वर दाबत होता. त्याचा तो तिसरा दिवस. काका म्हणाले, "मॅडम, दुखतंय, पण गाठी फुटतायत बघा."

प्लास्टर निघाल्यावर पावलावर, घोट्याभोवती सूज येते, ती नेहमीचीच. इथे मात्र सगळी पोटरी फुगली होती. कातडी ताणून चकचकीत झालेली, रंग किंचित लालसर, आणि तळहाताला दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट गरम लागणारी. माझ्या पिशवीत शिंप्याची टेप कायम असते. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. एक ३३.५, दुसरी ३७. मी मालिश थांबवायला सांगितली. घरच्यांना ते आवडलं नाही. "अहो, तो १५ वर्षं हेच काम करतोय," असं वहिनी म्हणाल्या. मग काकांनी सहज सांगितलं, की आदल्या रात्रीपासून जिना चढताना धाप लागतेय.

मी लगेच गाडी मागवली. डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या शिरेपासून मांडीपर्यंत रक्ताची गुठळी दिसली. नंतरच्या तपासणीत तिचा एक तुकडा फुप्फुसात पोहोचलेला दिसला. काका वाचले. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या पुढे कित्येक महिने चालल्या. तुकडा मालिशीमुळेच सुटला का, हे कुणीही ठामपणे सांगू शकणार नाही. पण गुठळी असलेल्या शिरेवर तीन दिवस अंगठे रुतवणं किती धोक्याचं होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता हे का होतं ते सांगते, कारण "रक्त मोकळं करणं" या कल्पनेतच घोळ आहे. हृदय रक्त खाली ढकलतं. पायातून ते वर आणण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात. स्नायू आवळला की आतली शीर पिळली जाते आणि रक्त वर सरकतं. शिरेत ठरावीक अंतरावर पडदे असतात, ते एकाच बाजूला उघडतात, त्यामुळे रक्त परत खाली येत नाही. विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने १६२८ साली हे लोकांना पटवून द्यायला जे करून दाखवलं, ते तुम्हीही करू शकता. हात खाली सोडा, शिरा फुगल्या की एका ठळक शिरेवर बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुसून काढा. पडदा नीट असेल तर मधला तुकडा रिकामाच राहतो. वरचं रक्त मागे येत नाही.

स्थिर उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका दाब असतो. चालायला लागलं की काही पावलांतच तो ३०च्या आसपास येतो. इतकं काम कुठलाही मालिशवाला करू शकत नाही, मीही नाही. आणि प्लास्टरमध्ये हाच पंप बंद पडलेला असतो. गुठळी होण्याची तीन कारणं रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने आजही शिकवतात: रक्त साचून राहणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्त गोठण्याकडे झुकणं. हाड मोडलेल्या, प्लास्टरमधल्या पायात तिन्ही एकत्र येऊ शकतात. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही जोखमीचे असतात. त्यामुळे बाळंतिणीला चोळणाऱ्या बायकांना मी आवर्जून सांगते, की एकच पाय सुजला असेल तर त्या पायाला हात लावू नका.

माझी सवय अशी. मालिशीआधी दोन्ही पाय उघडे करून शेजारीशेजारी ठेवायचे. रंग बघायचा, तळहाताच्या मागच्या बाजूने ऊब बघायची, टेपने मोजायचं. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक, एकाच पायाची सूज, ऊब आणि खोल दुखणं असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोबत धाप, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही. फरक कमी आहे म्हणून गुठळी नाहीच, असंही समजू नका. शंका असेल तर मालिश नको.

आणि प्लास्टर असतानाच डॉक्टरांना विचारा, "कोणती बोटं, कोणता सांधा हलवू शकतो?" पाय मोकळा असेल तर पाऊल आपल्याकडे ओढायचं आणि पुढे ढकलायचं, तासाला दहा-पंधरा वेळा. हा व्यायाम इतका साधा आहे, की लोकांना तो व्यायाम वाटतच नाही. काकांनाही दवाखान्यात पायाची बोटं हलवत राहायला सांगितलं होतं. त्यांनी केलं नव्हतं.

कोपर रगडणं

दुसरी चूक माझ्या मनाला जास्त लागते, कारण ती बहुतेकदा लहान मुलांच्या वाट्याला येते. सातारा जिल्ह्यातला ११ वर्षांचा मुलगा आंब्यावरून पडला, कोपर निखळलं. डॉक्टरांनी ते जागेवर बसवून पट्टी घातली. पट्टी निघाल्यावर कोपर ताठ होतं. ते असतंच, पोराने हळूहळू स्वतः हलवलं असतं तर काही आठवड्यांत बरंचसं सुटलं असतं. घरच्यांना तेवढा धीर धरवला नाही. रोज गरम तेलाने रगडणं, दोघांनी धरून वाकवणं, आणि हात सरळ व्हावा म्हणून वाळूची बादली उचलायला लावणं. पोरगं ओरडायचं. "रडल्याशिवाय सुटत नाही," असं त्याला सांगितलं जायचं.

माझ्याकडे आणलं तेव्हा कोपर आधीपेक्षा कमी हलत होतं आणि घास तोंडापर्यंत जात नव्हता. एक्स-रेमध्ये कोपरापुढच्या स्नायूत हाडासारखी सावली दिसत होती. दुखावलेल्या स्नायूला पुन्हा पुन्हा इजा झाली, आत रक्त साचलं, की तिथे चक्क हाड तयार होऊ शकतं. कोपर हा त्यासाठी कुप्रसिद्ध सांधा आहे. आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा, रगडून बिघडलेली कोपरं त्यांनी पाहिलेली असतात. मग उपाय काय, तर सगळं थांबवायचं. चोळणं बंद, ओढणं बंद, बादली बंद. पोर जेवढं स्वतःहून, न दुखता हलवेल तेवढंच. ते हाड पक्कं व्हायला बरेच महिने लागतात आणि तोवर शस्त्रक्रियेचाही सहसा विचार होत नाही. त्या मुलाचा हात पुढे बराच सुधारला, पण पूर्ण सरळ आजही होत नाही.

माझा नियम कडक आहे: कोपराच्या दुखापतीनंतर मी त्या सांध्याला मालिश करत नाही आणि दुसऱ्याच्या जोराने वाकवत नाही. रिकामा स्टीलचा पेला हातात देते, तो टेबलावरून उचलून हनुवटीपर्यंत आणायला सांगते. जिथे थांबेल तिथे थांबू दे. उद्या बोटभर पुढे जाईल.

"पडून राहा"

भेटायला येणारे नातेवाईक प्रेमाने हे सांगतात. म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही, पण बोलावं लागतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. ही माणसं आजारी नव्हती. खुब्याचं हाड मोडलेल्या ७५ वर्षांच्या आजींचं काय होत असेल, विचार करा. शस्त्रक्रियेनंतर शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी उभं करतात, ते दवाखान्याला घाई असते म्हणून करत नाहीत.

मी घरी गेले की पहिली गोष्ट पाण्याची बाटली उशाशेजारून उचलून खोलीतल्या टेबलावर ठेवते. डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली असेल तर सकाळचा चहा खुर्चीत, पेपर खुर्चीत. मालिकेत जाहिराती लागल्या की पावलं वरखाली. वेगळा "व्यायामाचा तास" काढणारे आठवड्यात कंटाळतात, पण चहा रोज होतो. उठताना आधी काठावर दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, चक्कर येत नाही बघायचं, मगच उभं राहायचं.

लिम्फची सूज जोरात दाबणं

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचा हात कधी कधी सुजतो. काखेतल्या लसिका गाठी काढल्यामुळे लिम्फ नावाचा द्रव वर जायची वाट अडते. या वाहिन्या कातडीच्या लगेच खाली, अगदी नाजूक असतात. जोरात दाबलं की त्या मिटतात आणि सूज उतरत नाही. एमिल आणि एस्ट्रिड फोडर या डॅनिश जोडप्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना फार हलक्या हाताची पद्धत बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये ती मांडली. कातडी जेमतेम ताणेल इतकाच जोर. बायका मला म्हणतात, "ताई, तुम्ही दाबतच नाही." पैसे वाया गेल्यासारखं वाटतं त्यांना. मी पुढच्या वेळी टेप लावून आकडा दाखवते. पण हे शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आणि हात अचानक लाल, गरम झाला, ताप आला तर मालिश नको, डॉक्टर हवा.

आणखी काही, थोडक्यात:

गुडघा बदलल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. उशी टाचेखाली.

मधुमेहाने पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी नकोच. भाजल्याचं कळत नाही.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोराची मालिश नाही.

फुगलेल्या, गाठाळलेल्या शिरांवर अंगठे नाहीत. मालिशची मशीन गळ्याच्या पुढच्या-बाजूच्या भागावर कधीच नाही.

जेवल्याजेवल्या मालिश नको. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रोज अभ्यंग, म्हणजे तेलाची मालिश, करायला सांगितलं, आणि अजीर्ण असलेल्याने तो करू नये हेही तिथेच सांगितलं. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, दुसरं कुणालाच नसतं.

"मालिशीने लॅक्टिक ॲसिड निघून जातं" हे पळणाऱ्यांच्या तोंडी फार असतं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉननंतर तर दरवर्षी ऐकते. ते रक्तातून तासाभरात आपोआप पूर्वपदावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या स्नायूंच्या बारीक इजेमुळे. हलक्या मालिशीने ते दुखणं थोडं कमी होतं आणि तेवढ्यासाठी ती जरूर करावी. आषाढीच्या वारीत दिवे घाट चढून आलेल्या वारकऱ्यांचे पाय सेवेकरी चेपून देतात, ते मला फार आवडतं. पाय थोडे उंच, तळव्यापासून गुडघ्याकडे सरकणारा हात, बेताचा जोर. सकाळी तोच वारकरी पुन्हा चालायला लागतो आणि रात्रीचा ताठरपणा पहिल्या मैलात सुटतो. तिथेही एकाच पायाची गरम सूज दिसली तर वैद्यकीय पथकाकडे पाठवा.

सगळ्यात जास्त दमवतात ते उतावीळ लोक. आठ दिवस काही करत नाहीत आणि नवव्या दिवशी मोबाइलवर बघून एकदम दहा हजार पावलं. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा. त्यांना मी एकच मोजमाप देते. आज जे केलं त्याचा निकाल उद्या सकाळी उठल्यावर बघा. सूज कालच्या सकाळइतकीच किंवा कमी असेल, तर आज तेवढंच करा, हवं तर चार पावलं जास्त. वाढली असेल, तर आज निम्मं. दोन दिवस निम्मं करूनही उतरली नाही, तर मला फोन करा. त्या फोनआधी तेल लावू नका.